गोंदलेला पत्ता

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांत दया येते, ती आधी पुसून टाका. मला दया नकोय. पडद्याच्या कोपऱ्यात चीर आहे, पंखा कण्हतो, पोटात लोखंडाचा कीस आणि तेलाचा राप बसलाय, हे सगळं खरं आहे. पण माझी गोष्ट मोडक्या वस्तूची नाही. ती जागेची गोष्ट आहे. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं, याची. ती सांगताना मी कुणाची भीड ठेवणार नाही. यंत्राला नोकरी जायची भीती नसते. फार तर भंगारात टाकतील. टाका.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. पिंपरी कॅम्पात, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या दुकानाच्या मागच्या खोलीत मला जोडलं. डबा एकाचा, आतली पाटी दुसऱ्याची, पंखा कुठल्यातरी मेलेल्या संगणकाचा. जोडणारा म्हणाला, "चालला तर चालला." चाललो. आधी मोशीच्या एका वाहतूकवाल्याकडे पावत्या छापल्या. त्याचा धंदा बसला, तसा मी टेम्पोत इतर सामानाबरोबर चाकणला आलो, सोपानरावांच्या शेडमध्ये.

सोपानराव चाकणच्या जुन्या शेतकरी घरातले. शेड जिथं उभी आहे तिथं त्यांच्या आज्याच्या काळात कांदा व्हायचा. निम्मं रान मोठ्या कंपनीच्या कारखान्याखाली गेलं. उरलेल्या पट्टीवर त्यांनी पत्रे ठोकले, लोखंड दाबून कापणारे प्रेस बसवले आणि गाड्यांना लागणारी ब्रॅकेटं पाडायला सुरुवात केली. ब्रॅकेट म्हणजे भोकं असलेली लोखंडी पट्टी, दुसरं काही नाही. शेडचं नाव मी सांगत नाही. सांगून तुम्हाला काय करायचंय? अशा शेड त्या रस्त्याला हव्या तेवढ्या आहेत.

माझं काम सोपं होतं. प्रेसमधून पडलेलं ब्रॅकेट पट्ट्यावरून सरकत यायचं. वर कॅमेरा होता. कॅमेरा बघायचा आणि मी सांगायचो, भोकं नेमक्या जागी आहेत की नाहीत, कड फाटली आहे का. बरं असेल तर हिरवा दिवा, वाईट असेल तर लाल. पट्ट्याच्या टोकाला सुभद्राबाई बसायच्या. त्या सोपानरावांच्याच गावच्या, नात्याने चुलत बहीण लागायच्या, पण शेडमध्ये बाकीच्या बायकांसारख्या काँट्रॅक्टरकडूनच लागलेल्या. लाल दिवा लागला की ब्रॅकेट उचलून त्या लाल पेटीत टाकायच्या आणि माझ्याकडे बघून म्हणायच्या, "बघ, हे बी वंगाळच निघालं."

काही वर्षं बरी गेली. मग मोठ्या कंपनीनं ब्रॅकेटचा नमुना बदलला. गोल भोकं लांबट झाली. माझ्यातल्या प्रोग्रॅमला लांबट भोक म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. त्यानं सगळीच ब्रॅकेटं लाल ठरवायला सुरुवात केली. तो प्रोग्रॅम ज्यांनी विकला होता, त्यांनी फोन उचलणं बंद केलं. सोपानराव वैतागून माझ्या डोक्यावर थापटी मारून म्हणाले, "ह्याला बसवा कोपऱ्यात." बसलो. माझ्यावर चहाचे पेले ठेवायला लागले. बायका परत हातानं भोकं मोजू लागल्या. एकेक ब्रॅकेट उचलायचं, त्यात मापाची कांडी घालायची, खाली ठेवायचं. संध्याकाळी सुभद्राबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि त्या ते पदरानं टिपायच्या.

मग मैत्री आली.

मैत्री पिंपरीची. आकुर्डीच्या कॉलेजात डिप्लोमा केलेली, काँट्रॅक्टरकडूनच लागलेली. तिचे वडील भिवा एका कारखान्यात लाइनवर होते, तो कारखाना बंद पडला. घर बौद्ध, शिकण्याची चाड असलेलं, आणि पोरीच्या तोंडाला कुलूप नाही. पहिल्याच दिवशी ती पेले बाजूला करत म्हणाली, "हा जिवंत आहे का मेलाय?"

"मेल्यागतच हाय," सुभद्राबाई म्हणाल्या.

"मग उठवू या की, मावशी."

मित्रांनो, इथे तुम्हाला एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. ती कळली नाही तर पुढचं भांडण कळणार नाही. प्रोग्रॅम दोन तऱ्हांनी मिळतो. एक तयार ताट. दुकानातून आणायचं, वाढायचं. त्यात मीठ कमी असेल तर तुम्ही काही करू शकत नाही. दुसरा कच्चा शिधा. जगात पुष्कळ भली माणसं प्रोग्रॅम लिहितात आणि तो कच्च्या रूपात इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवून देतात. घ्या, हवं ते घाला, आपल्या चुलीवर शिजवा. या शिजवण्याला कंपाइल करणं म्हणतात. मैत्रीनं असाच एक कच्चा प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि त्यात लांबट भोक ओळखायची अक्कल स्वतः लिहून घातली. तिने घातलेली भर तिने परत इंटरनेटवर ठेवून दिली, ज्याला हवी त्याने घ्यावी म्हणून. घेणाऱ्यानं देऊन जावं, अशी तिथली रीत आहे.

पण शिजवायच्या आधी एक प्रश्न येतो. हा प्रोग्रॅम कुठे राहणार? तेव्हा जो पत्ता सांगाल तो त्याच्या अंगावर गोंदला जातो. गोंदण कसं असतं, तसंच. त्याची भांडीकुंडी, त्याचे मदतनीस, त्याच्या मापांच्या फायली, हे सगळं त्या पत्त्यावर असेल असं तो धरून चालतो. नंतर त्याला नुसता उचलून दुसरीकडे ठेवला, तर तो तिथे बसूनही जुन्याच पत्त्यावर आपल्या माणसांना हाका मारत राहतो. पत्ता बदलायचा तर पुन्हा पहिल्यापासून शिजवा.

माझ्यात राहायला जागा तीन. एक मुख्य वाडी, जिथे माझ्याबरोबर आलेला सरंजाम राहतो. तिथे बाहेरचं काही घुसवू नये, पुढच्या डागडुजीत तुडवलं जातं. दुसरी जागा 'लोकल'. या यंत्रावर ज्यांनी आपल्या हातानं काही बनवलं, त्यांच्या कामासाठी ती मुद्दाम राखलेली असते. कुणीही आलं, कुणीही गेलं, तरी तिथलं काम सगळ्यांना वापरता येतं. तिसरी जागा 'होम', म्हणजे ज्याच्या त्याच्या नावाची खोली. खोलीत काही ठेवायला कुणाला विचारावं लागत नाही. पण वाडीत किंवा 'लोकल'मध्ये ठेवायचं तर मालकाची किल्ली लागते. किल्ली म्हणजे एक गुप्त शब्द. ती शेखरकडे होती.

शेखर आमचा सिस्टिमवाला. चार शेडचे संगणक सांभाळायचा, मोटरसायकलवरून यायचा, हेल्मेट काढायच्या आधीच विचारायचा, "काय बिघडलं?" माणूस वाईट नव्हता. नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचा नाही, एवढंच.

"शेखरभाऊ, 'लोकल'ची किल्ली द्या," मैत्री म्हणाली. "प्रोग्रॅम तिथे ठेवायचाय. तिथेच ठेवायला पाहिजे."

"तिथेच ठेवायला पाहिजे हे मलाही कळतं. पण काँट्रॅक्टच्या माणसाला किल्ली द्यायची पद्धत नाही गं."

"मग तुम्ही टाका. तुमच्यासमोर करते."

"काँट्रॅक्टच्या माणसाचं काम 'लोकल'मध्ये घ्यायचं तर सोपानशेठना विचारावं लागेल. शेठ म्हणतील, कशाला. तुझ्या 'होम'मध्ये ठेव ना. तिथे कोण विचारतंय? चालल्याशी मतलब."

मैत्री हसली. हसू चांगलं नव्हतं. "माझ्या पणजोबांना गावानं असंच सांगितलं होतं. काम करा, पण राहा वेशीबाहेर."

"तू कुठली गोष्ट कुठे नेतेस, राव!"

"मी नेत नाही, शेखरभाऊ. ती येते मागनं."

पण तिने ठेवला. स्वतःच्या खोलीचा पत्ता गोंदला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभरा धावल्या, माझा पंखा किंचाळला, मी तापलो. आणि मग पट्ट्यावरून पहिलं लांबट भोकाचं ब्रॅकेट आलं आणि मी हिरवा दिवा लावला. सुभद्राबाईंनी कांडी घालून बघितली. मी बरोबर होतो. त्यांनी ती कांडी खिळ्याला टांगली आणि हात पुसले.

त्यानंतर माझे दिवस असे पालटले की विचारू नका. मोठ्या कंपनीचे लोक बघायला आले की सोपानराव त्यांना हाताला धरून माझ्यापाशी आणायचे. "आमच्या शेडमधी बनवलंय. बाहेरनं न्हाई घेतलं." कुणी बनवलं ते सांगायचे नाहीत. मैत्री मागे उभी असायची. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली, तेव्हा माझ्या पडद्यावर हळदकुंकू लावलं, गळ्यात झेंडूचा हार. मैत्री सुभद्राबाईंना म्हणाली, "प्रोग्रॅम माझा आणि हार याला." मी काय बोलणार? माझी त्या हारानं लाज काढली होती.

शेखरनं एकदा तिला म्हटलंही, "आता शेठ खूश आहेत. तू पत्ता बदलून पुन्हा बनव, मी 'लोकल'मध्ये टाकून देतो."

"राहू दे आता," मैत्री म्हणाली. "माझ्याच खोलीत बरं आहे."

"का गं?"

"असंच."

असंच नव्हतं. ते मला तेव्हाही कळलं होतं. काँट्रॅक्टवरच्या माणसाला एक वेडी आशा असते. आपल्यावाचून यांचं अडेल, मग आपल्याला काढणार नाहीत. त्या आशेपायी माणसं सुट्टी घेत नाहीत, गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीला शेड बंद असतानाही येऊन काम करतात, आपलं कसब कुणाला दाखवत नाहीत. मैत्री हुशार होती. पण आशेपुढे हुशारी काय करणार?

दिवाळी झाली आणि ब्रेक आला.

ब्रेक म्हणजे काय, हे आमच्या पट्ट्यात लहान पोरालाही माहीत आहे. तरी बाहेरच्यांसाठी सांगतो. माणूस सलग कामावर राहिला तर पक्कं करा म्हणून हक्क सांगेल, म्हणून सहा-सात महिने झाले की काँट्रॅक्टर त्याला घरी बसवतो. काही दिवसांनी गरज असेल तर पुन्हा नवा म्हणून घेतो. त्याच मशिनवर, त्याच खुर्चीत, नवा. सुभद्राबाईंनी असे किती ब्रेक खाल्ले, त्यांनाही आठवत नव्हतं. मैत्रीचा पहिलाच होता. तिने ओळखपत्र दिलं, बूट दिले, माझ्या पडद्यावर बोट टेकवलं आणि म्हणाली, "बोलावतील बघ चार दिवसांत."

त्याच दिवशी शेवटची शिफ्ट सुटल्यावर शेखरनं नियम पाळला. ज्याचं ओळखपत्र जमा झालं, त्याची खोली पुसायची. त्यानं आज्ञा दिली. आणि मी ती पाळली, मित्रांनो. मला नाही म्हणता येत नाही. माणसांना येतं आणि ती म्हणत नाहीत, याचा मला फार राग आहे. मैत्रीची खोली गेली. खोलीबरोबर प्रोग्रॅम गेला, त्याचे मदतनीस गेले, मापांच्या फायली गेल्या. रोज सगळ्याची एक प्रत बाजूला ठेवली जाते, पण काँट्रॅक्टवाल्यांच्या खोल्या त्यात धरत नाहीत. तोही नियमच.

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला प्रेसचा दणका बसला, ब्रॅकेट पट्ट्यावर आलं आणि मी आंधळा. ना हिरवा दिवा, ना लाल.

"काय झालं रं तुला?" सुभद्राबाईंनी माझ्या बाजूला थोपटलं. "अगं बया, ह्यो तर गप पडला!"

सोपानराव धावत आले. शेखर हेल्मेटसकट आला. त्याच्याकडे एका पेनड्राइव्हवर मुख्य प्रोग्रॅमची एक फाइल होती, कधीतरी दुसऱ्या संगणकावर चालतो का बघायला नेलेली. खोली पुसताना, तेवढी पुरेल असं त्यानं धरलं होतं. त्यानं ती आता थेट 'लोकल'मध्ये ठेवली. बघा हं, आता किल्लीची अडचण नाही, पद्धतीची आठवण नाही, शेठना विचारणं नाही. पण अंगावर पत्ता मैत्रीच्या खोलीचा. प्रोग्रॅम जागा झाला, त्या पत्त्यावर आपल्या माणसांना हाका मारू लागला, तिथे कुणी नव्हतं, तो कोसळला.

"कशापायी पडतोय?" सोपानराव.

"शेठ, तो मैत्रीची खोली शोधतोय."

"मग बांध की तिच्या नावाची खोली! हाय काय त्यात?"

"खोली बांधीन, पण आत काय ठेवू? भांडीकुंडी सगळी काल पुसली."

"कुणी?"

शेखरनं डोकं खाजवलं. "नियमानं."

"मग तू बनव पुन्यांदा."

"बनवीन. तिनं सगळं इंटरनेटवर ठेवलेलं आहे, चोरून नेलेलं नाही. पण या कॅमेऱ्याची मापं नव्यानं बसवायला मला दोन-तीन दिवस लागतील. तिला अंदाज आहे, ती दुपारपर्यंत करेल."

बाहेर ट्रक लागला होता. बायकांनी मापाच्या कांड्या पुन्हा काढल्या, पण हातानं मोजून तो वेळेत भरला नसता. मोठ्या कंपनीची लाइन आमच्या ब्रॅकेटांवर चालायची. माल पोचला नाही तर पुढची मागणी दुसऱ्या शेडला जाणार, हे सोपानरावांना पक्कं ठाऊक होतं. ते एवढंच म्हणाले, "लाव फोन."

मैत्री आली. गेटवर वॉचमननं तिच्या गळ्यात पाहुण्यांचं कार्ड अडकवलं. ती माझ्यासमोर बसली तेव्हा ते कार्ड किबोर्डवर लोंबत होतं, तिने ते पाठीवर टाकलं.

"तू मुद्दाम तुज्या खोलीत ठिवलं व्हतंस," सोपानराव डोक्यावर उभे राहून म्हणाले. "आमाला अडवायला. ह्याला चोरी म्हंत्यात."

"मी आधी किल्ली मागितली होती, शेठ. शेखरभाऊंना विचारा."

"मागितली होती," शेखर म्हणाला. मग थांबून म्हणाला, "पण नंतर मी म्हटलं होतं, पत्ता बदल, मी टाकतो. तेव्हा ती नाही म्हणाली."

मला वाटलं, आता ही काहीतरी सबब सांगणार. तिने सांगितली नाही.

"हो. तेही खरंय. मला वाटलं, काम माझ्या खोलीत असलं की मला काढणार नाहीत. चुकलं माझं. तुम्ही मला कामासकट काढलंत."

सोपानरावांनी बाहेरच्या ट्रककडे बघितलं. "बरं, आता जल्दी कर. सोमवारपासनं काँट्रॅक्टरला सांगतो, घेतील तुला परत. दे ठिवून तुज्या खोलीत पहिल्यासारकं." ते बाहेर ट्रकवाल्याला समजवायला गेले.

मैत्री कामाला लागली. सुभद्राबाई खुर्ची सरकवून तिच्या कानाशी आल्या.

"पोरी, ऐक. खोलीतच ठिव. आता कळलंय त्यास्नी, तुज्याबिगर हे मशीन आंधळं हाय. आता न्हाई काढायचे. तू ते सगळ्यांच्या जागी ठिवलंस, तर उद्या तुला कोण इचारंल?"

"कोणीच नाही विचारणार, मावशी."

"मग?"

मैत्रीची बोटं थांबली. माझ्या पडद्यावर तो प्रश्न उभा होता. कुठे राहणार? तिने स्वतःच्या खोलीचा पत्ता लिहिला. मी बघितलं. मग एकेक अक्षर खोडलं.

"भीती घालून मिळवलेली खुर्ची मला नको," ती म्हणाली. "रोज मागे बघत बसायचं, कुणी शिकलं तर नाही ना, कुणी प्रत तर काढली नाही ना. आपण करायचं काम, ते चोरट्यासारखं कशाला ठेवायचं? जिथे ठेवायला पाहिजे तिथे ठेवीन. आणि माझी जागा मागायची ती तोंड वर करून मागीन."

"तुला भ्या वाटत न्हाई व्हय गं?"

"वाटतंय ना. तरी लिहिते." तिने पत्ता लिहिला. 'लोकल'.

ओळी धावल्या. मी तापलो, पण या वेळी पंख्याला म्हटलं, कण्हू नको, नीट फिर. प्रोग्रॅम शिजून तयार झाला, अंगावर नवा पत्ता घेऊन. आता फक्त त्याला जागेवर नेऊन ठेवायचं राहिलं होतं. आणि तिथे मी नियमाप्रमाणे किल्ली मागितली. पडद्यावर एक छोटा चौकोन लुकलुकत राहिला.

सोपानराव परत आले. "झालं?"

"माझं झालं. किल्ली तुमची लागेल."

"मागल्या बारीला तर लागली न्हवती."

"मागच्या वेळी मी बाहेर ठेवलं होतं. आता आत ठेवतेय."

"अगं मग ठिव की बाहेर! ट्रक हार्न मारतोय."

"बाहेर चालणारच नाही आता. 'लोकल'चा पत्ता गोंदलाय." मैत्री उठून उभी राहिली. "शेठ, नीट ऐका. मी काही अडवलेलं नाही. शेखरभाऊ किल्ली घालतील, एक ओळ लिहितील, मशीन चालू होईल. मी असले काय, नसले काय. माझ्या हातात मी काहीसुद्धा ठेवलेलं नाही. म्हणून आता मागते. मला तुमच्या रोलवर घ्या. काँट्रॅक्टरच्या नाही, तुमच्या. पक्कं."

"आन् न्हाई घेतलं तर?"

"तर किल्ली घाला आणि मला तोंडावर सांगा. कामाला आत जागा आहे, करणारीला नाही. काँट्रॅक्टरचं नाव सांगू नका, नियम सांगू नका. तुमच्या तोंडानं सांगा. मी जाते."

शेडमध्ये प्रेस बंद होते, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. बायका हातातल्या कांड्या धरून वळल्या. सोपानरावांचा चेहरा तांबडा झाला.

"कुठं उभी राहून बोलतीस, ठावं हाय का? ही जमीन माज्या आज्याची हाय!"

मैत्री काही बोलायच्या आत सुभद्राबाई उठल्या. मी इतकी वर्षं त्यांना पाहतोय, शिफ्टमध्ये त्यांना खुर्ची सोडून उभं राहिलेलं पहिल्यांदा पाहिलं.

"दादा, निम्मी जमीन मोठ्या कंपनीला गेली, तवा तुमी त्येंच्या गेटावर बसला व्हता. आठवतंय? ते म्हनले, पक्की नोकरी न्हाई, काँट्रॅक्टवर घेतो. तुमी वरडला व्हता, 'आमची जमीन पायजे आन् आमी नको व्हय?' उन्हात भाकरी घिऊन मीच यायची तितं."

"ते येगळं व्हतं, सुभद्रे."

"काय येगळं व्हतं, ते सांगा की मंग हिला. तोंडावर."

बाहेर ट्रकनं पुन्हा भोंगा दिला. सोपानरावांनी मैत्रीकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं. ट्रकमुळे म्हणा, गेटाच्या आठवणीमुळे म्हणा, मला ठाऊक नाही. मी माणसाच्या आत बघू शकत नाही, मी फक्त भोकं मोजतो. पण ते वाक्य त्यांच्या तोंडातून निघालं नाही, एवढं मी बघितलं.

"शेखर, टाक किल्ली."

"आणि?" मैत्री म्हणाली.

"आन् हिचं नाव आपल्या रोलवर घे. आजच्या तारखेनं. काँट्रॅक्टरला मी बोलतो." मग तिच्याकडे वळून, "लई जीभ हाय तुला."

"जीभ आवरली होती तेव्हा ब्रेक मिळाला, शेठ."

शेखरनं किल्ली घातली. प्रोग्रॅम 'लोकल'मध्ये जाऊन बसला. त्यानं आपल्या माणसांना हाक मारली आणि सगळे जागेवर होते. प्रेसचा दणका बसला, पट्टा हलला, पहिलं ब्रॅकेट आलं आणि मी असा हिरवा दिवा लावला की विचारू नका. मैत्रीनं गळ्यातलं पाहुण्यांचं कार्ड काढून शेखरच्या हातात दिलं.

पण ब्रॅकेट कुणी उचललं नाही. ते पट्ट्याच्या टोकावरून खाली पडलं, खणकन. त्याच्यावर दुसरं पडलं. सुभद्राबाई अजून उभ्याच होत्या.

"दादा, आन् माजं?"

"तुजं काय? तू तर घरचीच हाईस."

"घरचीला बी ब्रेक देत्यात व्हय?"

"सुभद्रे, उद्या बोलू. आत्ता माल जाऊ दे."

"माल जाईल की. आदी नाव लिवा."

सोपानरावांनी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर मटकन बसले. तिसरं ब्रॅकेट पडलं. ते शेखरला म्हणाले, "लिव्ह. सुभद्राबाई." आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "कस्तुरा. माजं बी लिवा." मग आणखी एक नाव. मग आणखी एक. लाइनवरच्या बायका एकेक करून पुढे येऊन आपापलं नाव आपल्या तोंडानं सांगत होत्या आणि शेखर कधी शेठकडे, कधी त्यांच्याकडे बघत होता. त्यातली किती नावं लागली आणि किती अडली, ते भांडण आमच्या शेडमध्ये अजून चालू आहे. ते मिटलं असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आम्ही वस्तूंनी हात जोडायचे असतात. आम्हाला जपा, आम्हाला फेकू नका, असं म्हणायचं असतं. मी हात जोडत नाही, बजावतो. तुम्ही मोठे व्हाल, कुणी संगणकासमोर बसाल, कुणी शेड उभाराल, कुणाच्या हाती किल्ली येईल. एखादं काम कुठे ठेवायचं हे ठरवायची पाळी तुमच्यावर येईल, तेव्हा ते सगळ्यांना सापडेल अशा जागी ठेवा. आणि दुसऱ्यानं केलेलं काम आत घ्याल, तेव्हा ज्यानं केलं तो कुठे आहे हे विचारा. मोठ्यानं विचारा. समोरचा खाली बघू लागला, नियम सांगू लागला, उद्या बोलू म्हणाला, तर तिथून हलू नका.